करारावर सही करण्याआधी

पुणे

चि. बाळास,


तू पाठवलेला बिल्डरसोबतच्या कराराचा मसुदा दोनदा वाचला. दाजींची फर्म हातात घेतल्यावरचं हे तुझं पहिलं स्वतंत्र काम. सही करण्याआधी कागद मला दाखवावासा वाटला, याचं फार समाधान वाटलं. 'फोर्स मॅज्युर'च्या, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीच्या, कलमापाशी समासात तू लिहिलं आहेस, "मामा, भूकंप, पूर, युद्ध यांच्या जोडीला 'महामारी' एवढं घातलं की झालं ना?"

तेवढ्याने होत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. २०२० नंतर कंत्राटदारांचे जे तंटे माझ्याकडे आले, त्यांत करारात 'महामारी' लिहिलेलं नव्हतं म्हणून हरलेला माणूस क्वचितच दिसला. जे हरले ते वेगळ्याच कारणांनी, आणि ती कारणं तुझ्या मसुद्यात आजही हजर आहेत.

साथ त्या कलमात बसते का, ही शंका सरकारनेच मिटवली होती. आपल्याकडे टाळेबंदी लागायच्या महिनाभर आधी, १९ फेब्रुवारी २०२० ला, केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने परिपत्रक काढलं. कोरोनामुळे पुरवठा खुंटला तर ती नैसर्गिक आपत्ती समजावी आणि योग्य कार्यपद्धती पाळून फोर्स मॅज्युरचं कलम लावावं, असं त्यात होतं. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि निसर्गाने ओढवलेली इतर आपत्ती एवढंच आहे, रोगाचा उल्लेख नाही. तिथेही महारेराने २ एप्रिल २०२० लाच प्रकल्पांना तीन महिने वाढवून दिले, आणि केंद्राच्या १३ मे च्या सल्ल्यानंतर ते सहा महिने केले. म्हणजे साथ ही आपत्ती आहे की नाही, यावर फार भांडण उरलंच नाही.

भांडण झालं ते त्या परिपत्रकातल्या 'योग्य कार्यपद्धती पाळून' या अटीवरून. त्या काळात प्रत्येक कंत्राटदाराच्या फायलीत ते परिपत्रक असायचं, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं. ही अट वाचून तिच्याप्रमाणे वागलेले थोडे. तुला सार्वजनिक बांधकाम खात्याचा बी-१ फॉर्म माहीत आहे, दाजींची निम्मी कामं त्याच फॉर्मवर झाली. त्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अडथळा आल्यापासून तीस दिवसांच्या आत, किंवा कामाची मुदत संपण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोवर कार्यकारी अभियंत्याकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज करायचा. तो नसेल तर कलम २ दंडासाठी तयारच असतं, अंदाजपत्रकी रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत.

आणि लोक म्हणायचे, "अहो, सगळं जग बंद होतं, साहेबांना काय ठाऊक नव्हतं? अर्ज कशाला?" ऑफिसला टाळं, पोस्ट बंद, आवक-जावक बंद, हे सगळं खरं. पण साहेबाला टाळेबंदी ठाऊक असणं वेगळं आणि तिच्यामुळे तुझ्या कामावर काय थांबलं हे ठाऊक असणं वेगळं. नोटीस या दुसऱ्या गोष्टीसाठी असते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला, तो दावे, अपिलं आणि अर्ज दाखल करण्यासाठी. करारातल्या नोटिशीच्या तीस दिवसांना त्या आदेशाचा आधार धरू नकोस. इथे फार जणांचा समज चुकला.

दोन फायली सांगतो त्या ऐक. दोन्ही रस्त्याच्या कामांच्या, एकाच जिल्ह्यातल्या, टाळेबंदीत सारख्याच अडकलेल्या. पहिलीत जूनमधला एकच अर्ज होता: 'कोविडमुळे काम बंद असल्याने सहा महिने मुदतवाढ मिळावी.' दुसऱ्या कंत्राटदाराच्या मुनशीने साधी रेघी वही ठेवली होती. २३ मार्च २०२० च्या पानावर त्याच्या वळणदार अक्षरात: क्रशर बंद, खडीचा डंपर नाक्यावरून परत, रोलर उभा, पेव्हर उभा, कॅम्पवर लेबर किती आणि गावी गेलेलं किती. खाली वेळ. पुढे रोज एक पान, मेपर्यंत. 'आज काही नाही' असलं तरी पान आहेच. दर आठवड्याला त्या पानांचा फोटो शाखा अभियंत्याला ई-मेल आणि सोबत दोन ओळी, 'हिंडरन्स रजिस्टरला नोंद घ्यावी ही विनंती.' लवादाने ती वही पुढे ओढली आणि उलटतपासणी अर्ध्या तासात संपली. पहिल्या फायलीवर सुनावण्या होत राहिल्या, कारण कुठलं यंत्र कधी उभं होतं याचा एकही कागद नव्हता, नुसती तोंडी साक्ष होती. दोघांचं नुकसान सारखं, प्रामाणिकपणाही सारखा.

तेव्हा तुझ्या साइटवर पहिल्या दिवसापासून वही ठेव. मोबाइलवरचे फोटो घे, पण त्यांचा भरवसा पूर्ण धरू नकोस. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्येच स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. लवादापुढे पुरावा कायदा इतका काटेकोर लागत नाही, तरी प्रकरण कुठे जाईल सांगता येत नाही. फोन बदललास तरी जुना जपून ठेव.

आता जुन्या दिरंगाईबद्दल, कारण तुझ्या पत्रात एक वाक्य मला खटकलं. चालू असलेल्या शाळेच्या कामात आपण आधीच मागे आहोत, पण पावसाचं कारण दाखवता येईल, असं तू लिहिलं आहेस. तसं करू नकोस. हॅलिबर्टन आणि वेदांता यांचा राजस्थानातल्या तेलविहिरींचा तंटा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२० मध्ये बँक गॅरंटी वटवायला तात्पुरती स्थगिती मिळाली, तेव्हा सगळ्या कंत्राटदारांना हायसं वाटलं. २९ मे ला ती उठली. न्यायालयाने पाहिलं की कंत्राटदार सप्टेंबर २०१९ पासूनच मागे होता, सुधारायला वारंवार संधी मिळूनही काम झालं नव्हतं, आणि आधीची कसूर मार्चमधल्या टाळेबंदीने माफ होत नाही. परिपत्रकांतही हाच धागा आहे. अर्थ मंत्रालयाने १३ मे ला तीन ते सहा महिन्यांची सवलत दिली ती १९ फेब्रुवारीला ज्याची कसूर नव्हती त्यालाच. महारेराची मुदतवाढ १५ मार्च २०२० ला किंवा नंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांनाच. ज्याची तारीख आधीच उलटली होती त्याला साथीने काही दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. नाहीतर २०१८ सालापासून ताब्याची वाट पाहणाऱ्या घर खरेदीदाराने कुणाकडे बघायचं?

शाळेचं काम मागे का आहे ते आजच खरं लिहून कळव. आपली चूक असेल ते दिवस वेगळे, पावसाचे वेगळे. आपल्या भागात तर हे फार लागतं. सांगली-कोल्हापूरकडे २०२१ मध्ये एप्रिलपासून दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते आणि जुलैत महापूर आला. ज्यांनी दोन्ही कारणं एका ओळीत गुंडाळली त्यांना कुठल्याच कारणाचे पूर्ण दिवस मिळाले नाहीत.

यापुढचा मुद्दा पैशाचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दाजींची कंबर याच ठिकाणी मोडली होती.

सगळ्या परिपत्रकांनी दिला तो वेळ. दंड लागणार नाही, मुदत वाढेल, इतकंच. मुदत वाढल्यावर त्या वाढीव महिन्यांत इंजिनिअरचा पगार, भाड्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा, वॉचमन, बँक गॅरंटीचं कमिशन, कर्जाचं व्याज हे कुणी भरायचं, याबद्दल अक्षर नाही. आणि टाळेबंदी आली ती नेमकी मार्चएंडच्या आठवड्यात. वर्षाची बिलं कोषागाराच्या दारात होती. ४ मे च्या शासन निर्णयाने राज्यात विकासकामांच्या निधीला ३३ टक्क्यांची मर्यादा लागली आणि नवी कामं थांबली. एप्रिल-मे हे आपल्याकडे पावसाआधी पाया आणि मातीकाम उरकायचे महिने. ते गेले की जून ते सप्टेंबर खड्ड्यात पाणी. कागदावर बंद दोन महिने, साइटवर गेले सहा-सात. हा फरक नंतर कुणाला पटवायचा तर मूळ बार चार्ट लागतो, ज्यात पाया मेअखेर संपणार होता असं आधीच लिहिलेलं असतं. मसुद्याला तो जोडलेला नाही. जोड.

भाव वाढले तेव्हा लोक भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ कडे धावले. १८७२ चा कायदा. करार पाळणं अशक्य झालं तर तो संपतो, असं ते कलम सांगतं. सत्यब्रत घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली 'अशक्य'चा अर्थ थोडा सैल केला. अक्षरशः अशक्य नको, कराराचा पायाच उखडला गेला असेल तरी चालेल, असं म्हटलं. मात्र त्या प्रकरणातही करार संपला नाही असाच निकाल लागला. महाग पडणं म्हणजे अशक्य होणं नव्हे, हे तर आपली न्यायालयं सातत्याने सांगत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला तूप पुरवणाऱ्या अलोपी प्रसाद यांनी वाढीव दर मागितला, १९६० मध्ये तो नाकारला गेला. इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी २०१७ मध्ये तेच मागितलं, तेच उत्तर मिळालं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही ८ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत, कोरियाहून पोलाद मागवणाऱ्यांना पैसे थांबवू दिले नाहीत. पोलादाचं वितरण अत्यावश्यक सेवेत होतं, बंदी ठरावीक काळापुरती होती, आणि खरेदीदारांना पुढे माल विकताना अडचण येईल म्हणून विकणाऱ्याचे पैसे अडत नाहीत, असं कारण दिलं. माझ्या मते हा निकाल बरोबर होता, पण छोट्या कंत्राटदाराला त्यातून घ्यायचा धडा कडू आहे. भाववाढीचा आधार करारातच असायला हवा, कायद्यात तो शोधू नये.

खात्याच्या कामांत सिमेंट, सळई, डांबराला स्टार रेट, म्हणजे भावफरक मोजायचे मूळ दर, असतात, म्हणून तिथे थोडा तरी टेकू मिळाला. तुझ्या खासगी मसुद्यात 'दर कोणत्याही कारणास्तव बदलणार नाहीत' असं आहे. हे वाक्य काढायला लाव. सळई आणि सिमेंटचा मूळ दर करारात लिहून ठेव आणि तो ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला तर फरक मालकाचा, असं ठरव. बिल्डर कुरकुर करेल. त्याला २०२१ सालच्या एप्रिलची आठवण करून दे, जेव्हा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला आणि साइटवर गॅस कटिंगला सिलिंडर मिळेना. ते वळवणं माणसं जगवण्यासाठी होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याचा भार एकट्या कंत्राटदाराने का उचलायचा?

आणखी एक वाट आहे. परदेशी कर्जावरच्या मोठ्या कामांत 'फिडिक'चा नमुना वापरतात. त्यातही नैसर्गिक आपत्तीला वेळ मिळतो, पैसे नाहीत. पण कायदा बदलला आणि त्यामुळे खर्च वाढला तर पैसे मिळतात, असं वेगळं कलम असतं. टाळेबंदी ही १८९७ च्या साथरोग कायद्याखाली आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघालेल्या आदेशांनी आली. मजुरांची चाचणी, अंतर ठेवून काम, कॅम्पवर वेगळ्या खोल्या, हे सगळं आदेशानेच सक्तीचं झालं. म्हणून अनेकांनी तो खर्च 'कायद्यातील बदल' या सदरात मागितला. तुझ्या मसुद्यात असं कलमच नाही. 'करारानंतर निघालेल्या सरकारी आदेशामुळे वाढलेला प्रत्यक्ष खर्च मालक देईल' इतकं साधं वाक्य घाल.

आणि मुदतवाढ मंजूर करताना खातं एक हमीपत्र लिहून घेतं, 'या वाढीव मुदतीसाठी कोणताही आर्थिक दावा करणार नाही.' बिल अडकलेलं असतं, माणूस सही करतो. दाजींनीही केली होती. तशी वेळ आलीच तर सहीखाली 'हक्क राखून' असं लिही आणि त्याच दिवशी वेगळ्या पत्राने कळव. मागून दबाव होता असं सांगून ते सिद्ध करणं फार जड जातं.

बिल्डरबाबत एक सूक्ष्म गोष्ट आहे. महारेराने प्रकल्पाची मुदत वाढवली की ती वाढते बिल्डर आणि ग्राहक यांच्यातली. बिल्डर आणि तू यांच्यातली तारीख तिथेच राहते. २०२० मध्ये असे बिल्डर होते ज्यांनी स्वतः सहा महिने घेतले आणि कंत्राटदाराला मात्र जुन्या तारखेपासून दंड लावला. २०२१ मध्ये १५ एप्रिल ते १४ ऑक्टोबर हा काळ पुन्हा फोर्स मॅज्युर ठरला, तेव्हाही तेच. 'मालकास प्राधिकरणाकडून मिळालेली मुदतवाढ कंत्राटदारासही आपोआप लागू राहील' हे कलम घालून घे. आणि तू ज्या सेंट्रिंगवाल्याला, फिटरला, प्लंबरला काम देशील त्यांनाही तीच मुदत दे. वरून घेतलेलं खाली द्यायचं नाही, हे आपल्या घरात चालणार नाही.

तू पुढे म्हणतोस, अशी साथ शंभर वर्षांत एकदा येते. पण ज्या साथरोग कायद्याने तुझ्या वडिलांची साइट बंद केली तो मुंबईतल्या प्लेगमुळे झाला होता. त्याच प्लेगमुळे १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, गल्ल्या फोडून रस्ते झाले, बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. साथींनी बांधकामाचे नियम याआधीही बदलले आहेत. आपला व्यवसाय माणसांच्या गर्दीवर चालतो, तेव्हा साथ आली की पहिला फटका आपल्यालाच बसणार, हे धरून चाल.

म्हणून शेवटी मजुरांबद्दल, आणि हे सगळ्यात नीट वाच.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातली माणसं. श्रमिक रेल्वे मिळेल म्हणून भुसावळकडे पायी निघाली होती. आपल्या प्रत्येक स्लॅबमध्ये जालन्याची सळई असते.

केंद्राच्या १५ एप्रिल २०२० च्या आदेशाने शहरांत २० एप्रिलपासून बांधकाम सुरू करायला परवानगी मिळाली ती एका अटीवर. मजूर साइटवरच राहत असले पाहिजेत, बाहेरून आणायचे नाहीत. ज्याने त्याआधीच्या चार आठवड्यांत लेबर कॅम्पवर तांदूळ, डाळ, गॅस पोचवला, मुकादमाच्या भरवशावर माणसं सोडली नाहीत, त्याच्याकडेच ती अट पुरी करणारे मजूर होते. बाकीच्यांना दिवाळीपर्यंत फिटर मिळाले नाहीत. माणुसकी म्हणून करायचं तेच कराराच्याही कामाला आलं.

दुसरी गोष्ट कागदाची. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जातो तो कामगार कल्याणकारी मंडळाकडे. टाळेबंदीत राज्याने त्यातूनच नोंदणीकृत कामगारांच्या खात्यावर थेट पैसे टाकले, पहिल्यांदा दोन हजार, २०२१ च्या निर्बंधांत दीड हजार. रक्कम लहान, पण चूल पेटायला पुरेशी. ती मिळाली फक्त नोंदणी असलेल्यांना. आणि नोंदणीला लागतो वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला, जो ठेकेदाराने सही करून द्यायचा असतो. कित्येक ठेकेदार उगाच अंगाशी येईल म्हणून तो देत नाहीत. बिगारी बायकांना तर कुणी विचारतही नाही, हजेरीपटावर नाव नवऱ्याचंच. तुझ्या साइटवर हजेरीपट प्रत्येकाच्या आणि प्रत्येकीच्या नावाचा ठेव आणि नव्वद दिवस भरले की दाखला स्वतःहून हातात दे.

पुन्हा मसुद्याकडे येतो. त्यातलं सात दिवसांचं नोटिशीचं कलमही बदलायला सांग. फिडिकसारखे चौदा दिवस माग, आणि ते अडथळा तुला कळल्यापासून मोजायचे. ई-मेलने दिलेली नोटीस चालेल हे स्पष्ट लिहून घे. पोस्ट बंद पडू शकतं, हे आपण पाहिलंय.

या दुरुस्त्या लाल शाईत करून बिल्डरच्या वकिलाला पाठव आणि एक प्रत मला. तो सगळ्या मान्य करणार नाही. भाववाढ आणि मुदतवाढीचं कलम यांवर मात्र हटू नकोस. ती दोन नसतील तर हे काम घेऊ नकोस, आक्काला मी समजावीन.

तुझा,
मामा